रीफ टँकचा पीएच: बफरच्या बाटलीआधी खिडकी उघडून बघा

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): २०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा) आहे, झोआ, मशरूम, लेदर असे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ). हिवाळ्यात पीएच ८.२ असायचा, एप्रिल लागला तसा पडून राहिला. सकाळी ७.७, संध्याकाळी ८.०. बफर (पीएच वाढवायचं औषध) टाकला की दोन-चार तास वर जातो न् परत खाली. किती टाकू अजून?

उत्तर: आता काहीच टाकू नका भाऊ. एप्रिल म्हणालात तिथंच अर्धं उत्तर आलं. उन्हाळ्यात आपल्याकडे काय होते, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, स्प्लिट एसी चालू, घरात चार-पाच माणसं आणि तीच ती हवा दिवसभर फिरून राहिली, कारण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या आसपास असतो, बंद खोलीत माणसं असली की १००० च्या वर आरामात जातो, आणि तुमचा स्किमर (बुडबुड्यांच्या फेसात पाण्यातली घाण काढणारं यंत्र) तीच हवा पाण्यात घुसळत असतो. गॅस पाण्यात गेला की कार्बोनिक आम्ल होते, पीएच उतरतो, पण केएच (पाण्याची आम्ल झेलायची ताकद, म्हणजे अल्कलिनिटी) आहे तिथंच राहतो. तुम्ही बफर टाकता तेव्हा वाढतो तो केएच. पीएच थोड्या वेळानं परत खोलीतल्या हवेच्या हिशोबानं खाली येतो. असंच महिनाभर चाललं तर केएच १३-१४ वर जाईल आणि मग हीटरवर, पंपात पांढरा थर बसायला लागेल.

खात्री करायची तर दोन मग घ्या, दोन्हीत टँकचं पाणी. एका मगात बाल्कनीत एअरस्टोन लावून तासभर बुडबुडे सोडा, दुसऱ्यात तेच खोलीत करा. सकाळी करा हे, दुपारी ४५ डिग्रीत पाणी तापलं की रीडिंगही हलते. बाहेरच्याच मगात पीएच चढला तर दोष घरातल्या हवेचा. दोन्हीत चढला तर टँकमधेच हवा कमी खेळते, पाण्याचा वरचा थर हलता ठेवा, स्किमर बघा. दोन्हीत ढिम्म हलला नाही तर केएच मोजा, तो ७ ते ९ हवा, त्याखाली असेल तर ते आधी.

हवेचाच दोष निघाला तर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे स्किमरची हवेची नळी लांब करून खिडकीबाहेर काढणे. फक्त गल्लीत डासांच्या धुराची गाडी आली की नळी आधी आत ओढा, कीटकनाशक झिंग्याखेकड्यांना ठेवत नाही. नळी जमत नसेल तर सोडालाइमचा स्क्रबर (आत जाणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारी डबी), किंवा सम्पमधे (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) कीटो नावाचं शेवाळ लावून त्याचा लाइट रात्री चालू ठेवा, म्हणजे रात्रीचा गॅस ते खाईल. आणि गंमत अशी की कूलरवाल्या घरात ही तक्रार फारशी येत नाही, खिडकीतला कूलर बाहेरची हवाच आत ढकलतो. पण तिथं खोलीत दमटपणा इतका की पंखा लावून टँक थंड करायची आशा सोडा.

सकाळ-संध्याकाळचा ०.३ चा फरक मात्र नॉर्मल आहे. लाइट लागला की झोआतलं शेवाळ गॅस वापरते, बंद झाला की सगळेच गॅस सोडतात. रोज एकाच वेळी मोजा, नाहीतर उगाच घाबराल.

प्रश्न (मानेवाडा): नवीन पेन मीटर ८.६ दाखवतो, थेंबांची किट ८.० च्या आसपास. खरं कोणाचं?

उत्तर: ताई, अजून तरी कोणाचंच नाही. स्वस्त पेनसोबत बहुतेक मीटर जुळवायच्या पीएच ४.०१ आणि ६.८६ च्या पुड्या येतात. आपलं पाणी ८ च्या वर, म्हणजे त्या दोघांच्या मधे येतच नाही. पीएच ७ आणि १० चं मीटर जुळवायचं बफर सोल्युशन (टँकमधलं औषध नव्हे) वेगळं घ्या (पुड्यांत ९.१८ ची असेल तर ६.८६ सोबत तीही चालते) आणि दोन्हीवर कॅलिब्रेट करा, मगच रीडिंग धरा. वापरलेलं सोल्युशन परत बाटलीत ओतू नका. प्रोब कोरडा ठेवायचा नाही आणि आरओच्या पाण्यात बुडवून तर अजिबातच नाही, टोपणात केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) स्टोरेज सोल्युशन हवं, मे महिन्यात ते किती लवकर सुकते ते तुम्हाला माहीतच आहे. किटचा रंग टँकच्या निळ्या लाइटखाली बघत असाल तर तो सोडूनच द्या, दिवसाच्या उजेडात बघा.

प्रश्न (हिंगणा रोड): किराण्यातला खायचा सोडा टाकून पीएच वाढवता येईल का?

उत्तर: केएच वाढेल, पीएच जवळपास नाही, उलट टाकल्या टाकल्या थोडा उतरू शकतो. केएच कमी असेल तरच वापरा. हिशोब असा की १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा म्हणजे केएच १ नं वर, आणि दिवसात १ पेक्षा जास्त चढवू नका. तोच सोडा ओव्हनमधे २०० डिग्रीला तासभर भाजला तर सोडियम कार्बोनेट होते, त्यानं पीएचही वाढतो, तेव्हा १०० लिटरला १.९ ग्रॅम पुरे, पाण्यात विरघळवून हळूहळू सोडायचं. पाकिटावर फक्त सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं बघा. बेकिंग पावडर वेगळी, ती नको.

प्रश्न (सदर): काल्कवासर (रीफ टँकमधे टाकायची चुन्याची निवळी) म्हणजे चुनाच ना? मग पानठेल्यावरचा चुना काहून नाही चालत?

उत्तर: जात तीच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पण पानाच्या चुन्यात अजून काय काय मिसळलं ते कोण सांगणार? शुद्ध पावडर घ्या. त्याच्या निवळीचा पीएच १२.४ असतो, म्हणून रात्री थेंबथेंब, वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी. एकदम मगभर ओतलं तर टँक दुधासारखा पांढरा होईल.

प्रश्न (त्रिमूर्तीनगर): आरओ पाण्याचा पीएच ६.३ येतो, टाकू की नको?

उत्तर: टाका बिनधास्त. त्यात केएच नावालाच, त्या आकड्याला काही अर्थ नाही, रीफ टँकचं मीठ मिसळलं की आपोआप ८ च्या वर जातो. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) तेवढा बघा, आणि पिण्याच्या आरओला मिनरलवालं काट्रिज असेल तर पाणी त्याच्या आधीच्या नळीतून घ्या.