इंग्रजीत लिहिताना स्वल्पविराम नेमका कुठे द्यायचा?

'वाचताना जिथे थांबतो तिथे कॉमा द्या' असं तुम्हाला शाळेत शिकवलं, आणि तसं करूनही तुमच्या इमेलमधले निम्मे कॉमा वरिष्ठ खोडतात, असं तुम्ही लिहिलंय. यात दोष तुमच्यापेक्षा त्या नियमाचा जास्त आहे. एके काळी विरामचिन्हं खरोखरच मोठ्याने वाचणाऱ्यासाठी होती. आजच्या इंग्रजीत मात्र कॉमा वाक्याची बांधणी दाखवतो. श्वास कुठे घ्यायचा हे तो सांगत नाही.

आपल्याकडून सगळ्यात जास्त होणारी चूक ही: 'द बॉय हू केम येस्टरडे, इज माय कझिन.' कॉलेज संपेपर्यंत मी अशीच वाक्यं लिहीत होते. ती चूक येते मराठीतून. 'जो मुलगा काल आला होता, तो माझा मावसभाऊ' असं आपण लिहितो आणि 'तो'च्या आधीचा स्वल्पविराम तिथे अगदी बरोबर असतो. इंग्रजी वाक्यात तो 'तो'च नाही. 'द बॉय'पासून 'येस्टरडे'पर्यंत सगळा मिळून एक कर्ता आहे आणि 'इज' हे त्याचं क्रियापद. कर्ता दोन ओळींचा असला, वाचताना धाप लागली, तरी त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा कॉमा येत नाही. 'ही सेड, दॅट...' हेही आपल्या 'तो म्हणाला, की'चंच भावंड; तिथला कॉमा काढून टाका.

'एकटा' हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण जोडी चालते. 'माय ब्रदर, हू इज अ डॉक्टर, कॉल्ड मी' यात दोन कॉमांमधला मजकूर बोटाने झाकून बघा. फोन कोणत्या भावाचा होता हे तरीही कळतं, म्हणजे ती नुसती जादा माहिती आहे आणि मला भाऊ एकच आहे. दोन्ही कॉमा काढले तर अर्थच बदलतो: भाऊ अनेक, त्यांपैकी जो डॉक्टर आहे त्याने फोन केला. पहिला कॉमा देऊन दुसरा विसरणं फार होतं. तेवढं तपासत जा.

दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडणं ही दुसरी सवय. 'मी दमले होते, घरी गेले' हे मराठीत खटकत नाही, पण 'आय वॉज टायर्ड, आय वेंट होम' इंग्रजीत चूक धरतात. कॉमानंतर 'सो' घाला, नाहीतर कॉमाच्या जागी अर्धविराम किंवा पूर्णविराम द्या. 'हाउएव्हर'ने असा सांधा जुळत नाही. त्याच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविरामच लागतो.

'इफ'ने सुरू होणारा भाग आधी आला तर त्याच्यानंतर कॉमा द्या. तो शेवटी आला तर बहुधा लागत नाही.

राहिला यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'आधीचा कॉमा, ज्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. अमेरिकी पुस्तकांत तो सहसा असतो, ब्रिटिश वृत्तपत्रांत सहसा नसतो. त्याला क्षुल्लक समजू नका. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम लागू नसलेल्या कामांची एक यादी होती आणि तिच्या शेवटी शब्द होते 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'ऑर'आधी कॉमा नव्हता. मग डिस्ट्रिब्यूशन हे यादीतलं वेगळं काम, की त्यासाठी केलेलं पॅकिंग? एका डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅकिंग करत नव्हते. 2017 मध्ये अपील न्यायालयाने ही भाषा संदिग्ध ठरवून निकाल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. मी स्वतः हा कॉमा नेहमी देते. तुमच्या ऑफिसात पद्धत ठरलेली असेल तर तीच धरा. फक्त एकाच मजकुरात दोन्ही पद्धती नकोत.