क्लिनिकलच्या आधीची तपासणी: आत्तापासून काय काय करायचं

प्रिय बाळा,

तुझा मेसेज मिळाला. अमेरिकेत नर्सिंगला अॅडमिशन मिळाली याचा मला मनापासून आनंद झालाय, पण पुढचं वाक्य वाचून जरा वाईट वाटलं, बोटांचे ठसे घेणार, लघवी तपासणार, मी काय गुन्हेगार आहे का असं तू लिहिलंयस. नाही गं. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमध्ये खऱ्या पेशंटवर शिकणं, सुरू झालं की तुझ्यासमोर जो माणूस बेडवर असेल तो कदाचित शुद्धीत नसेल, त्याला आपली नर्स निवडता येत नाही, त्याच्या अंगाला हात लावायची, त्याला औषध द्यायची परवानगी तुला मिळणार आहे. हॉस्पिटल स्वतःच्या स्टाफला जे मागतं तेच स्टुडंटला मागतं आणि कॉलेजबरोबरच्या करारात ते लिहिलेलं असतं. म्हणून तुझ्या प्रोफेसर कितीही चांगल्या असल्या तरी एखादा कागद कमी असेल तर त्यांच्या हातात काही नसतं, तू वॉर्डवर जाऊ शकत नाहीस आणि क्लिनिकलचे तास भरले नाहीत की सेमिस्टर जातं.

आता पहिलं काम, आणि हे उद्यावर टाकू नकोस, हेपॅटायटिस बी. नेहमीची लस तीन डोसची, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडी बघतात, आकडा १० किंवा त्याच्या वर हवा. हिशोब कर म्हणजे कळेल की ऑगस्टमध्ये क्लिनिकल असेल तर जूनमध्ये जागं होऊन उपयोग नाही. दोन डोसवाली हेप्लिसाव-बी पण मिळते, १८ वर्षांच्या वरच्यांना, त्यात दोन डोसमध्ये चार आठवडे, घाई असेल तर डॉक्टरला तिच्याबद्दल विचार. आणि लहानपणी सगळे डोस झालेले असूनही टायटर (हाच अँटीबॉडीचा आकडा) कमी आला तर रडत बसू नकोस, इतक्या वर्षांनी आकडा खाली येणं खूप कॉमन आहे, एक डोस देऊन परत तपासतात आणि बहुतेकांचं तिथेच काम होतं.

टीबीबद्दल मात्र नीट वाच कारण आपल्याकडून आलेल्या पोरांची गडबड इथेच होते. तुला जन्मल्यावर बीसीजी, म्हणजे टीबीची लस, दिलेली असणार. हातावर टोचून जी स्किन टेस्ट करतात ती बीसीजीमुळे उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे, मग प्रश्न, मग घरी फोन करून रडारड. त्यापेक्षा आधीच सांग की मला बीसीजी झालीये, रक्ताची टेस्ट करा, क्वांटिफेरॉन किंवा टी-स्पॉट, त्यांच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. कॉलेज स्किन टेस्टच हवी म्हणालं तर ती बहुतेक दोनदा करावी लागते, दुसरी एक ते तीन आठवड्यांनी, आणि प्रत्येक वेळी ४८ ते ७२ तासांत परत जाऊन वाचून घ्यावी लागते, म्हणजे गुरुवारी टोचून घेतलं आणि शनिवार-रविवार क्लिनिक बंद असलं की गेली वाया. अजून एक, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस (एमएमआर) आणि कांजिण्यांची लस या जिवंत लसी आहेत, त्या घेतल्यावर काही दिवसांनी टीबीची टेस्ट केली तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे एकतर त्याच दिवशी करायची नाहीतर चार आठवडे थांबायचं. आणि समजा रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली, एक्स-रे स्वच्छ आला आणि तुला काही त्रास नसला, तर तो सुप्त टीबी, तो दुसऱ्याला होत नाही, त्यावर गोळ्या आहेत, नर्स होणं त्याने थांबत नाही. हे घरच्यांनाही समजावून सांग.

टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) आणि दरवर्षीची फ्लूची लस, हे फार्मसीत जाऊन उरकून टाक.

ड्रग टेस्ट. तू काही घेत नाहीस हे मला माहितीये, तरी ऐक. इथे सरकारी फोटो आयडी लागतो, आणि नाव टेस्टच्या ऑर्डरवर आहे तसंच आयडीवर हवं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, कुठे ते आहे कुठे नाही, यात दिवस जातात. टेन्शनमध्ये घटाघटा पाणी पिऊन जाऊ नकोस, सँपल पातळ आलं की परत बोलावतात आणि उगाच शंका येते. खसखस घातलेलं काही आदल्या दोन-तीन दिवसांत खाऊ नकोस, खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो, याच कारणाने १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी नोकरीच्या टेस्टची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली होती, पण प्रत्येक कॉलेजची लॅब तीच मर्यादा वापरेल असं धरून चालू नकोस. डॉक्टरने दिलेली गोळी चालू असेल, समजा एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासाची), तर प्रिस्क्रिप्शन जवळ ठेव, रिपोर्ट तपासणाऱ्या डॉक्टरचा फोन अनोळखी नंबरवरून येतो, तो उचल.

गांजाबद्दल मी कडक बोलणार आहे. तुझ्या राज्यात तो कायदेशीर असेल, मैत्रिणी म्हणतील की दुकानात मिळतो, पण फेडरल कायद्याने तो अजून बेकायदा आहे, आणि कॉलेज-हॉस्पिटल राज्याचा कायदा बघून सूट देतील याचा भरवसा नाही, मेडिकल कार्ड असलं तरीही. तू स्टुडंट व्हिसावर आहेस, तुझ्यासाठी हा फक्त टेस्टचा प्रश्न नाही, इमिग्रेशनचा आहे. झोपेसाठी म्हणून सीबीडीचं तेल (तेही गांजाच्याच जातीच्या झाडापासून काढतात) पण नको, त्यात टीएचसी, म्हणजे गांजातलं नशेचं द्रव्य, निघू शकतं.

बॅकग्राउंड चेकमध्ये जिथे जिथे राहिलीस ते सगळे पत्ते आणि वापरलेली सगळी नावं खरी लिही. कधी काही झालं असेल, रूममेटबरोबरची भांडणाची केस, दारू पिऊन गाडी, कोर्टाने मिटवलेलं काहीही, तर फॉर्मवरचा प्रश्न शब्दन् शब्द वाच, तो अटक विचारतोय की शिक्षा, आणि वकिलाला दाखवून मग उत्तर दे. जुन्या छोट्या केसमुळे दरवेळी दार बंद होत नाही, पण लपवलेलं सापडलं तर खोटं बोलल्याचा ठपका वेगळा बसतो आणि तो पुढे बोर्ड ऑफ नर्सिंगसमोरही (नर्सना लायसन्स देणारं राज्याचं मंडळ) येतो. कॉलेजने पास केलं म्हणजे बोर्ड लायसन्स देईलच असं नसतं, दोघं वेगळे. टेक्सससारख्या राज्यात लायसन्सच्या परीक्षेच्या आधीच बोर्डाला विचारून निर्णय घेता येतो, तसं काही असेल तर फी भरायच्या आधी विचार.

आता एवढं कर, आईला फोन करून लसीचं जुनं कार्ड शोधायला सांग, दोन्ही बाजूंचे फोटो मागव आणि मला पाठव, मग कुठल्या टेस्ट आधी करायच्या ते आपण तारखा लावून ठरवू.

तुझी,
मावशी