एका एए सेलच्या बॅटरीसाठी (टॉर्चसाठी) कुठला बूस्ट ड्रायव्हर, म्हणजे सेलचं व्होल्टेज वाढवून एलईडी पेटवणारा सर्किट बोर्ड, घ्यावा? "0.7 व्होल्टपर्यंत चालतो" असं लिहिलेला चालेल का?

तेवढ्या आकड्यावर घेऊ नका. मी तसाच घेतला होता.

आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. पावसाळ्यात रात्रीची लाईट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून बाबांसाठी मी स्वतः बॅटरी बनवली. सेल एकच, एए, कारण तो गावातल्या छोट्या दुकानातही मिळतो. ड्रायव्हरवर 0.7 व्होल्ट लिहिलेलं बघून मी खूश झालो, म्हटलं सेल पार शेवटपर्यंत वापरला जाईल.

जुलैतल्या एका रात्री बाबा कुळागरात, म्हणजे आमच्या माड-पोफळीच्या बागेत, बांध बघायला उतरले. पावसाचा जोर वाढला तसे मांगरात (बागेतल्या खोपीत) थांबले आणि सेल वाचावा म्हणून बॅटरी विझवली. थोड्या वेळाने बटण दाबलं तर एकदा लुकलुकली आणि काळोख. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. 71 वर्षांचा माणूस शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या पायाने चाचपत वर आला. त्याच वाटेवर आदल्या आठवड्यात आम्हाला घोणस दिसली होती. घरात आल्यावर बॅटरी माझ्या हातात दिली आणि "ती जुनी दोन सेलांची कुठे आहे?" एवढंच विचारलं.

सकाळी सेलला मीटर लावला तर 1.2 व्होल्ट. माझा मोठा भाऊ लगेच म्हणाला, "सेल ठीक, ड्रायव्हर ठीक, बाबांनी बॅटरी विझवायलाच नको होती." गेली चार वर्षं दर चवथीला हा वाद होतो.

काहीही न जोडलेल्या मोकळ्या सेलवरचे 1.2 व्होल्ट फसवे असतात. पांढऱ्या एलईडीला 3 व्होल्टच्या आसपास लागतात. 350 मिलिअँपिअर द्यायचे म्हणजे साधारण 1 वॅट. ड्रायव्हरची कार्यक्षमता 80 टक्के धरली तरी 1.2 व्होल्टच्या सेलमधून 1.1 अँपिअर ओढला जातो, आणि सेल उतरेल तसा आणखी जास्त. अर्धवट वापरलेल्या अल्कलाइन सेलचं व्होल्टेज एवढ्या ओढीला खाली बसतं. त्यात स्प्रिंग आणि बटण मिळून 0.1 ओहम असला तर तिथेच 0.1 व्होल्ट गेला.

मग ती आधी पेटलेली कशी राहिली? बरेचसे बूस्ट चिप एकदा चालू झाले की स्वतःच्याच आउटपुटच्या 3 व्होल्टवर चालतात, त्यामुळे सेल 0.7 ला आला तरी तग धरतात. विझवलं की तो आधार जातो आणि नव्याने सुरू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं. एमसीपी1640 या बूस्ट चिपच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) सुरू होण्याचा 0.65 व्होल्ट हा आकडा आहे, पण तो 1 मिलिअँपिअर लोडचा. तुमच्या एलईडीला 350 हवेत! तेव्हा डेटाशीटमध्ये "पूर्ण लोडवर किती व्होल्टला सुरू होतो" ते शोधा, आणि नुसत्या बोर्डावर असं काही दिलेलं नसेल तर तो घेऊ नका.

स्थिर करंट देणारा चिप बघा. एलटीसी3490 एक किंवा दोन सेलांवर 350 मिलिअँपिअर देण्यासाठीच बनवला आहे, आणि सेल 1 व्होल्टच्या खाली उतरला की तसा इशारा (सिग्नल) देतो. म्हाताऱ्या माणसाला ही आगाऊ सूचना फार मोलाची. कॉइल किमान 2 अँपिअरपर्यंत सॅच्युरेट न होणारी (तेवढ्या करंटला निकामी न ठरणारी) घ्या, स्प्रिंगवर तांब्याची वेणी डागा, आणि अल्कलाइनऐवजी निकेल मेटल हायड्राइडचा सेल वापरा. त्याचा अंतर्गत रोध कमी असतो, शिवाय आमच्या दमट हवेत अल्कलाइन सेल बॅटरीतच राहिला तर गळून संपर्क खातो.

हो, एक राहिलं. त्याच मापाचा 14500 लिथियम सेल यात घालू नका. तो भरलेला 4.2 व्होल्टचा असतो, आणि साध्या बूस्ट ड्रायव्हरमध्ये इनपुट एलईडीपेक्षा वर गेला की करंट कॉइल आणि डायोडमधून थेट जातो, त्यावर ताबा राहत नाही. तुम्ही उजेडासाठी नाही, नुसत्या आवडीने बनवत असाल, तर 0.7 वालाही चालेल.

बनवून झाल्यावर अर्धा संपलेला सेल घाला, दहा मिनिटं पेटवा, विझवा, पुन्हा पेटवा. असं दहा वेळा. एकदाही लुकलुकून विझली तर घरातल्या कुणाच्या हातात देऊ नका. माझी ती जुनी बॅटरी अजून कपाटात आहे. भावाने वाचलं तर तसाच सेल घालून त्याने स्वतः बटण दाबून बघावं, काळोखात, कुळागराच्या पायरीवर उभं राहून.