तिकडे वर्ग भरलेला, इकडे शिष्यवृत्ती अडकलेली

प्रश्न : मी सिडकोत राहते, घरी शिवणकाम करते. मुलगा शहरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तुकडी विनाअनुदानित. आम्ही अनुसूचित जातीचे, उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आतला. गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती अजून पूर्ण आलेली नाही आणि कॉलेज म्हणतं, बाकी भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. माझी बहीण कॅलिफोर्नियात असते. तिची मुलगी तिथल्या कम्युनिटी कॉलेजला आहे. तिला हवा तो केमिस्ट्रीचा वर्ग भरला, नाव वेटिंगवर आहे. सरकारकडे पैसे नाहीत म्हणून वर्ग कमी केले, असं ती फोनवर सांगत होती. एवढ्या श्रीमंत मुलखात असं कसं? आणि तूट सरकारची, तर भुर्दंड पोरांना का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. नाशिकच्याच एका कॉलेजच्या ऑफिसात मी ३१ वर्षं काढली, त्यातली १२ शिष्यवृत्तीच्या टेबलावर. ‘बाकी भरा’ हे शब्द खिडकीच्या आतून मीच शेकडो पोरांना ऐकवलेत. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणं मला भागच आहे.

आधी भाचीचं. तिकडची कम्युनिटी कॉलेजं म्हणजे शाळा संपल्यावरची दोन वर्षांची सरकारी कॉलेजं. कुणी नर्सिंग शिकतं, कुणी वेल्डिंग, कुणी दोन वर्षं स्वस्तात काढून पुढं मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. नोकरी सांभाळून शिकणारी, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी पोरं तिथं मोठ्या संख्येनं असतात. त्या राज्याच्या तिजोरीचा मोठा भाग आयकरातून भरतो आणि त्यातला बराचसा धनाढ्य लोकांकडून येतो. त्यांचा नफा शेअर बाजारावर हेलकावतो. बाजार आपटला की तिजोरी आटते, आणि तुटीचा अर्थसंकल्प मंजूर करायला तिथल्या राज्यघटनेत मुभा नाही. नेमक्या त्याच दिवसांत नोकऱ्या गेलेली माणसं नवं काही शिकायला कॉलेजच्या दारात उभी राहतात. गर्दी वाढते तेव्हाच पैसा कमी होतो.

२००८ च्या मंदीनंतर हेच झालं. तिथं फी युनिटवर, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या अभ्यासाच्या मापावर, मोजतात. एका युनिटचे २० डॉलर होते, ते २००९ मध्ये २६ झाले, २०११ मध्ये ३६ आणि २०१२ मध्ये ४६. वर्ग इतके कापले की काही वर्षांत सुमारे पाच लाख विद्यार्थी कमी झाले. त्यातल्या कितीतरी जणांना शिकायचं होतं, पण बसायला वर्गच नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून जादा कर मान्य केला, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

पण मला सगळ्यात ओळखीची वाटली ती त्यांची दुसरी तऱ्हा. यंदाचं अनुदान पुढच्या आर्थिक वर्षात द्यायचं. कागदावर तूट कमी दिसते, कॉलेज मात्र शिल्लक मोडून नाहीतर कर्ज काढून पगार करतं. याला तिकडे डिफरल म्हणतात. करोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, असे सुमारे १४५ कोटी डॉलर पुढं ढकलले होते. हे वाचलं आणि मला आमच्या ऑफिसातला ३१ मार्च आठवला. दिवसभर एकच विचारणा, ‘बीम्सवर (राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) निधी दिसतोय का?’ तरतूद मंजूर असते, जीआर निघालेला असतो, पण निधी सोडलेला नसतो. रात्री उशिरापर्यंत बसून राहायचं आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकून घरी जायचं.

आपल्या राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडतानाच महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला कमी पडणारी कमाई, ४५,८९१ कोटींची धरली होती. एवढी तूट असली तरी कॉलेजला कुलूप लावलं, अशी बातमी येत नाही. निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा भरत नाहीत, त्याचे तास तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासामागे मानधन मिळणाऱ्या, तरुण शिक्षकांकडे जातात आणि त्यांचं मानधन महिनोन् महिने रखडतं. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबतो. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला म्हणून खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. योजनेतल्या बहिणींशी माझं भांडण नाही, त्यांतल्या कितीतरी जणी तुमच्यासारख्याच घरातल्या आहेत. पण एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्या गरिबाला वाढणं मला पटत नाही.

आमच्याकडे सुरगाण्याची एक मुलगी होती. आदिवासी, वसतिगृहात राहणारी. शिष्यवृत्ती आली नव्हती आणि वरून आदेश होता, निम्मी तरी फी घ्याच. तिनं कंपासपेटी उघडून घड्या घातलेल्या वीस-पन्नासच्या नोटा खिडकीतून आत सरकवल्या. मी मोजल्या, १,४०० झाले. अजून १,१०० हवे होते. मी म्हटलं, पूर्ण घेऊन ये. तिनं नोटा परत पेटीत भरल्या, वर पट्टी नीट ठेवली, झाकण लावलं. त्यानंतर ती आली नाही. जूनमध्ये तिची रक्कम जमा झाली, मी रजिस्टरला तिच्या नावापुढं नोंद केली, तेव्हा ती दोन महिन्यांपूर्वीच गावी निघून गेली होती. ते १,४०० घेऊन मी तिचा फॉर्म भरून घ्यायला हवा होता. तेवढी हिंमत मी दाखवली नाही, हे मला आजही सलतं.

म्हणून तुमच्या मुलाच्या बाबतीत उशीर नको. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असतात. केंद्राचा वाटा थेट मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. आधारला नेमकं कुठलं खातं जोडलंय ते आधी बघा. दहावीत उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात पैसा येऊन पडलेला मी कितीदा तरी पाहिलाय. आला असेल तर तो कॉलेजला भरावाच लागतो. मग महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज कुणाच्या लॉगिनला अडकलाय ते पाहा. कॉलेजच्या क्लार्ककडे असेल तर दोन दिवसांचं काम आहे, कागद घेऊन समोर उभं राहायचं. पुढं गेला असेल तर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जा.

केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत पात्र मुलाला आगाऊ फी न घेता, पात्रता दाखवणाऱ्या फ्रीशिप कार्डावर प्रवेश देण्याची सोय आहे. तिचा उल्लेख करून प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा. विनाअनुदानित तुकडीचे पगार फीमधूनच होतात, त्यामुळे कॉलेजचीही ओढाताण असते, पण तिचा भार तुमच्या शिलाई मशीनवर टाकता येणार नाही.

भाचीला सांगा, वेटिंगवर नाव असलं तरी पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस. जागा सुटली की शिक्षक तिथंच परवानगीचा कोड देतात. पुढच्या सत्रासाठी ओरिएंटेशन आणि शैक्षणिक आराखडा आत्ताच पूर्ण केला तर नोंदणीत आधी नंबर लागतो. शेजारच्या कॉलेजचा ऑनलाइन वर्ग चालतो का, तेही समुपदेशकाला विचारायला सांगा. घरची कमाई कमी असेल तर प्रॉमिस ग्रँट या तिथल्या फीमाफीच्या योजनेत युनिटची फी माफ होते.

तुमच्या अर्जाच्या मात्र दोन प्रती काढा. मुलाला एकटं पाठवू नका, स्वतः बरोबर जा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आतली बाई ‘ठेवून जा, बघते’ म्हणेल. मीही म्हणायचे. तरीही थांबा.