वाचकांचे प्रश्न : पद्मिनीचा कार्बोरेटर काढावा का?

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९७४ ची प्रीमियर पद्मिनी मी अजून वापरतो. सकाळी चोक ओढूनही ती तीन-चार वेळा बंद पडते. उन्हाळ्यात वाईहून पसरणी घाट चढताना इंजिन तापले की मिसिंग होऊन (झटके खात) थांबते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी चालू होते. कार्बोरेटर काढून इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवून घ्या, असे एकाने सुचवले आहे. तसे करावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देतो. इंजेक्शनमध्ये तेच काम विजेवर चालणारी, पेट्रोलचा मोजून फवारा मारणारी यंत्रणा करते. असा बदल करता येतो, पण आपण वर्णन केलेल्या दोन्ही तक्रारींसाठी त्याची गरज असेलच असे नाही.

घाटातली तक्रार आधी पाहू. या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनलाच जोडलेला असल्यामुळे चढावर तो आणि त्याची नळी इतकी तापते की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ओढण्याची ताकद त्या पंपात नसते. पुढच्या वेळी गाडी थांबली की फक्त पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे. पाच-दहा मिनिटांत ती चालू झाली, तर दोष तिथेच आहे. जुने फियाटवाले (पद्मिनी ही मूळची फियाटच) डिकीत पाण्याची बाटली आणि फडके ठेवत, ते यासाठीच. फडक्याने फरक पडला नाही, तर इग्निशन कॉइल आणि कंडेन्सर हे ठिणगीसाठी लागणारे भाग तपासावेत, कारण तेही तापल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर निर्दोष असल्याचा आव आणतात. वाफेचाच त्रास असेल, तर नळी सायलेन्सरच्या पाइपपासून लांब घेणे आणि टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवणे एवढ्याने काम भागते.

सकाळच्या तक्रारीसाठी एअर फिल्टर काढून कार्बोरेटरमधल्या थ्रॉटलचा (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या झडपेचा) दांडा बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल, तर तिथून फुकटची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. मग स्क्रू कितीही फिरवले तरी ट्यूनिंग टिकत नाही. पेट्रोलमध्ये आता मिसळले जाणारे इथेनॉलही मिश्रण पातळच करते, शिवाय जुने रबर खराब करते. त्यामुळे सगळे होज बदलून जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) एखाद्या नंबरने मोठा करून पाहणे योग्य ठरेल.

एवढे करूनही इंजेक्शन हवेच असेल, तर खरा खर्च इंजेक्टरचा नसून त्याच्या मागच्या सरंजामाचा असतो, हे ध्यानात घ्यावे. मूळ पंप जेमतेम पाव बार (बार हे दाबाचे एकक) दाब देतो, तर इंजेक्शनला साधारणपणे तीन बार लागतात. म्हणजे नवा पंप, जास्त दाबाचे होज, टाकीकडे परत जाणारी नळी आणि वळणावर पंप कोरडा पडू नये म्हणून एक छोटी मधली टाकी, हे सारे आले. सायलेन्सरच्या पाइपावर धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरसाठी वेल्डिंग करावे लागते. गाडीत वीज तयार करायला जुना डायनामो असल्यास तो हा विजेचा भार पेलत नाही. इंजिन बंद पडताच पंप थांबवणारी रिले (आपोआप चालणारा विजेचा स्विच) मात्र कुणी ‘नंतर बघू’ म्हणाले तरी सोडू नये, कारण अपघातात नळी तुटली, तर चालू राहिलेला पंप गरम इंजिनवर पेट्रोल ओतत राहतो. या सर्वांच्या बदल्यात चोक ओढण्याची कटकट जाते आणि पाचगणीच्या विरळ हवेतही मिश्रण आपोआप जुळते, हा फायदा खराच आहे.

आणखी एक अडचण कायद्याची. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, ती गाडी मूळ स्वरूपात असेल तरच. अशी नोंदणी घेतलेली गाडी रोज वापरता येत नाही, तेव्हा आपल्याला ती हवी आहे का, हे आधी ठरवावे. आणि इंजिनाच्या कामाला हात घालण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी.

तूर्त कार्बोरेटर दुरुस्त करून घ्यावा, आणि वाचलेल्या पैशांत डायनामो असल्यास त्याच्या जागी जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवावा. पुढे इंजेक्शन घेतलेच, तर तो कार्बोरेटर भंगारात न देता जेटसकट कापडात गुंडाळून ठेवावा.