स्टार एकच, गुणाकार दोन

प्रश्न: मॅडम, मी एम.टेक. स्ट्रक्चर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांचा मॅटलॅबमधला जुना प्रोग्रॅम पायथनमध्ये नमपाय (आकड्यांचे तक्ते हाताळणारी लायब्ररी) वापरून नव्याने लिहितो आहे. मॅटलॅबमध्ये स्टिफनेस मॅट्रिक्सला (रचनेच्या ताठरपणाचा तक्ता) विस्थापनांनी गुणलं की प्रत्येक नोडवरचं, म्हणजे सांध्यावरचं, बल मिळतं. माझ्याकडे मात्र अख्खा चौकोनी तक्ता छापून येतो, आणि एरर एकही नाही. एक सीनियर म्हणतो, सगळीकडे नमपायचा 'मॅट्रिक्स' वापर, काम होऊन जाईल. ॲरे आणि मॅट्रिक्स यांत नेमका फरक काय? मी काय वापरू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: कागदावर मावेल एवढं उदाहरण घेऊ. भिंतीला एक स्प्रिंग, तिच्या टोकाला पहिला नोड, तिथून दुसरी स्प्रिंग आणि शेवटी दुसरा नोड. दोन्हींचा स्टिफनेस १. म्हणजे स्टिफनेस मॅट्रिक्स 'के'ची पहिली ओळ २, −१ आणि दुसरी −१, १. शेवटच्या नोडवर १ एवढं बल लावलं की विस्थापनं, म्हणजे 'यू', १ आणि २ येतात. प्रत्येक स्प्रिंग १ने ताणली जाते, ताळा तोंडीच होतो. आता 'के'ला 'यू'ने गुणलं की ०, १ यायला हवं. मॅटलॅब तेच देतं. नमपायचे ॲरे स्टारने (*) गुणलेत तर येतं २, −२ आणि त्याखाली −१, २.

हे आकडे टाकाऊ नाहीत. प्रत्येक ओळीची बेरीज करा: ०, १. तुमचं बल त्यातच आहे, फक्त बेरीज व्हायची राहिली आहे. ॲरेसाठी स्टार म्हणजे त्या त्या जागेवरचे आकडे एकमेकांशी गुणणं. 'यू'ची एकच ओळ होती, म्हणून नमपायने ती 'के'च्या प्रत्येक ओळीला लावली. यालाच ब्रॉडकास्टिंग म्हणतात आणि ते नियमाला धरूनच आहे, म्हणून एरर येत नाही.

मॅटलॅब क्लीव्ह मोलर यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठात लिहिलं, ते विद्यार्थ्यांना फोरट्रानमध्ये न शिरता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत म्हणून. तिथे साधा स्टार मॅट्रिक्सचा गुणाकार करतो आणि जागेवरच्या गुणाकारासाठी स्टारच्या आधी टिंब द्यावं लागतं. नमपायचा ॲरे मात्र आकड्यांचा साठा आहे. त्याला एक अक्ष असेल, दोन असतील, रंगीत फोटोंचा गठ्ठा असेल तर चार. दोन अक्षांचा ॲरे मॅट्रिक्स आहे की नुसता तापमानांचा तक्ता, हे त्याला ठाऊक नसतं. ते तुम्ही ठरवता, आणि मॅट्रिक्स म्हणून गुणायचं असेल तर @ हे चिन्ह लिहिता. हे चिन्ह नॅथॅनियल स्मिथ यांच्या २०१४च्या प्रस्तावातून आलं आणि २०१५मध्ये पायथन ३.५मध्ये दाखल झालं.

सीनियरचा सल्ला त्याआधीच्या काळातला आहे. तेव्हा ॲरेंसाठी असं चिन्हच नव्हतं, खरोखरच अडचण होती. आज नमपायची स्वतःची कागदपत्रंच सांगतात की रेषीय बीजगणितासाठीसुद्धा मॅट्रिक्स हा प्रकार वापरू नका. माझंही मत ठाम आहे: वापरू नका. कारण मग एकाच प्रोग्रॅममध्ये स्टारचा अर्थ समोर काय आलं आहे त्यावर ठरतो. वरच्याच 'के'चा वर्ग घ्या. ॲरे असेल तर ४, १ आणि १, १. मॅट्रिक्स असेल तर ५, −३ आणि −३, २. फंक्शन लिहिणाऱ्याने एक गृहीत धरलं आणि वापरणाऱ्याने दुसरं दिलं, तर दोघांच्या ओळी वेगवेगळ्या वाचून चूक कधीच सापडायची नाही. प्रबंधाचे निकाल अशा पायावर उभे राहू नयेत.

ॲरे घेतलात की एका गोष्टीची मात्र सवय करावी लागेल. मॅटलॅबमध्ये व्हेक्टर नेहमी उभा किंवा आडवा असतो. नमपायमध्ये एकाच अक्षाचा ॲरे उभाही नाही, आडवाही नाही. त्याचा ट्रान्सपोज घेतला तरी काहीच बदलत नाही. आता समजा, विस्थापनं दोन ओळी, एक स्तंभ अशी उभी आली आणि बाह्य बल 'एफ' एकाच अक्षाचा आहे. समतोल तपासायला 'एफ'मधून के @ यू वजा केलंत, तर दोन शून्यं यायच्या जागी ०, १ आणि −१, ० असा तक्ता येईल. गणित बरोबर, आकार चुकलेला. म्हणून वजाबाकीच्या आधी दोन्हींचा शेप, म्हणजे आकार, छापून बघा. नाहीतर प्रोग्रॅममध्येच असर्ट लिहा, म्हणजे आकार जुळले नाहीत तर तो तिथेच थांबेल.

सरांच्या प्रोग्रॅममध्ये उलटी तिरपी रेघ दिसेल, के \ एफ अशी. ती 'के' आणि 'एफ'वरून 'यू' काढते. तिच्या जागी नमपायच्या लिनाल्ग या भागातलं सॉल्व्ह वापरा, 'के'चा व्यस्त काढून गुणू नका. आणि नोड हजारोंनी झाले, 'के'मध्ये बहुतेक शून्यंच उरली की सायपाय या नमपायवर आधारलेल्या लायब्ररीच्या स्पार्स या भागाकडे वळावं लागेल. तिथेही हीच जोडी भेटते: सीएसआर मॅट्रिक्स आणि सीएसआर ॲरे. पहिल्यात स्टार अजून मॅट्रिक्सचाच गुणाकार करतो. तुम्ही दुसरा घ्या, आणि गुणाकाराला तिथेही @च लिहा.