कतांग लोकांचे घर आणि घराचे आत्मे

प्रश्न : लाओसमधील कतांग जमातीविषयी त्रोटक माहिती वाचनात आली. हे लोक बौद्ध आहेत, की आपल्या सातपुड्यातील भिल्ल-पावरांप्रमाणे निसर्गपूजक? त्यांचे आपल्याकडील आदिवासींशी काही नाते आहे का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : कतांग लोक मुख्यतः दक्षिण लाओसमधील सावन्नाखेत आणि सालवान या प्रांतांत राहतात आणि त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. सभोवतालचा लाओ समाज थेरवादी बौद्ध आहे आणि काही कतांगांनीही तो धर्म स्वीकारला आहे. त्यांची परंपरागत श्रद्धा मात्र पूर्वजांच्या, घराच्या आणि वनाच्या आत्म्यांवर आहे. लाओ भाषेत अशा आत्म्याला ‘फी’ म्हणतात. ‘निसर्गपूजक’ हा आपला शब्द मला येथे अपुरा वाटतो, कारण या श्रद्धेचा खरा धाक आणि जिव्हाळा रानापेक्षाही घरात अधिक जाणवतो.

कतांगांचे पारंपरिक घर खांबांवर उभे असते. कुटुंब वाढले की त्याच घराला पुढे जोड देत गेल्यामुळे पूर्वी एकेक घर विलक्षण लांब होत असे. अशा घरात मुक्कामाला आलेल्या पाहुण्याने जवळच्या बाहेरील भिंतीकडे डोके करूनच झोपायचे असते. त्या भिंतीकडे किंवा दुसऱ्याच्या डोक्याकडे पाय करणे, तसेच स्त्री-पुरुषांनी शेजारी झोपणे घराच्या आत्म्याला खपत नाही. दक्षिणेकडे पाय करून निजू नये, असे आजीकडून ऐकत वाढलेल्या खान्देशी वाचकाला हा नियम परका वाटू नये.

वनाबाबतही अशीच मर्यादा पाळली जाते. सावन्नाखेतमधील दोंग फू वियेंग या संरक्षित क्षेत्रातील कतांग गावे काही वनखंड पवित्र मानतात. आपली देवराई तीच. सालवान प्रांतातील तूमलान येथे आत्म्यांना म्हैसवर्गीय जनावराचा बळी देण्याचा ‘लापुप’ नावाचा उत्सव होतो. व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामची रसद दक्षिणेकडे नेणारा हो चि मिन्ह मार्ग याच पट्ट्यातून जात असल्यामुळे 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने येथे प्रचंड बॉम्बवर्षाव केला, हेही विसरता येत नाही.

आता नात्याविषयी. भिल्ल आणि पावरा यांच्या बोली मराठी-गुजरातीप्रमाणे आर्य कुळातील आहेत, तर कतांग भाषा ऑस्ट्रो-आशियाई या वेगळ्याच भाषाकुळातील आहे; म्हणजे भाषेच्या दृष्टीने त्यांचे नाते नाही. त्या कुळातील आपल्याला सर्वांत जवळची भाषा कोरकू असून, ती बऱ्हाणपूरच्या बाजूला आणि मेळघाटात आजही बोलली जाते.